४० ग्रॅम प्राणवायू

आमच्या गॅरेजमधल्या फडताळावर एक लाल सिलिंडर असतो. पाण्याच्या बाटलीएवढा, एका हाताने सहज उचलता येणारा. आत ४० ग्रॅम प्राणवायू. हार्डवेअरच्या दुकानात तो ब्रेझिंग करणाऱ्यांसाठी विकायला ठेवलेला असतो, म्हणजे तांब्या-पितळेचे बारीक जोड देणाऱ्यांसाठी. मी त्याचा उपयोग बिअरसाठी करते. बिअरसाठी म्हणजे खरं तर यीस्टसाठी.

मी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये राहते. हे गाव १९६९ पर्यंत दारूबंदीचं गाव होतं आणि आज ते बिअरसाठी ओळखलं जातं. घरी बिअर करणं इथे गुन्हा नाही. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करायची मुभा दिली. पुण्यात हा उद्योग मला परवान्याशिवाय करता आला नसता. पण बिअर करायला लागल्यावर लक्षात आलं, की यातला निम्मा भाग मला आधीपासून माहीत होता. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. आई नाचणीचं सत्त्व करायची तेव्हा हेच तर करायची. हे भरडलेले जव ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवले की त्यांच्यातल्या पिठाची साखर होते. ते पाणी गाळून, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून तासभर उकळायचं. त्या गोड काढ्याला वर्ट म्हणतात. वर्ट निववून त्यात यीस्ट घातलं, म्हणजे विरजण लावलं, की पुढचं काम यीस्टचं.

मला लिहायचं आहे ते निववणं आणि विरजणं यांच्या मधल्या एका मिनिटाबद्दल.

उकळताना वर्टमधली सगळी हवा निघून जाते. उरतं ते साखरेने भरलेलं, पण प्राणवायू जवळजवळ नसलेलं पाणी. त्यात यीस्ट घालण्याआधी प्राणवायू परत मिसळावा लागतो. सुरुवातीची दोन वर्षं मी सगळे करतात तसं करायचे. झाकण लावून बादली मांडीवर घ्यायची आणि पाच मिनिटं गदागदा हलवायची. साध्या बिअर त्यावर नीट झाल्या. मग एका हिवाळ्यात मी बार्लीवाइन करायला घेतली. ही फार घट्ट, जड बिअर. तिच्या वर्टची घनता १.०९० होती (साध्या पाण्याची १; साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो). दहा दिवस ती आंबली आणि १.०३६ वर येऊन थांबली. बादली उबदार खोलीत नेली, तळाशी बसलेलं यीस्ट ढवळून वर आणलं, वरून नवीन यीस्ट घातलं. काही उपयोग झाला नाही. १९ लिटर गोडमिट्ट, अर्धवट आंबलेलं पेय मी परसात ओतलं. बादल्या हलवताना माझ्या मनात एकदाही प्रश्न आला नव्हता, की यात नेमका किती प्राणवायू विरघळतोय? याची मला आजही खंत वाटते, कारण पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकताना मी पहिली शिकलेली चाचणी विंकलरची. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ मध्ये शोधली. बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल घालायचं, थायोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, थेंब मोजत सोडायचे, शेवटी स्टार्चचा निळा रंग उडाला की आकडा लिहायचा. मुठा नदीच्या वरच्या अंगाचं पाणी मी आणलं तेव्हा बाटलीत छान तपकिरी ढग उतरला होता. मुंढव्याच्या पुलाखालचं आणलं तेव्हा साका पांढराशुभ्र. थायोचा एक थेंबही लागला नाही. तो पांढरा रंग मी विसरलेले नाही. इथे मी पूद्र नदीचं पाणी तपासते. या नदीतल्या ट्राउट माशांना लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. त्याच्या खाली आकडा उतरला की आमच्याकडे फोन वाजायला लागतात.

मग यीस्टला किती लागतो? एल जातीच्या साध्या बिअरला लिटरमागे ८ ते १० मिलिग्रॅम, लागर जातीच्या आणि जड बिअरला त्याहून जास्त. हवेने ते जमतं का? समुद्रसपाटीला, वीस अंशांच्या वर्टमध्ये हवा कितीही घुसळली तरी आठाच्या आसपास आकडा थांबतो. हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, म्हणून ही मर्यादा. त्यात हे गाव दीड हजार मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८४ टक्के, पाणीदेखील ९५ अंशांना उकळतं. त्यामुळे आठाचे पावणेसातच होतात. शिवाय साखर जितकी जास्त तितका वायू कमी विरघळतो. माझ्या बार्लीवाइनला बादली हलवून किती मिळाला असेल? चार? पाच? सगळ्यात जास्त गरज होती तिलाच सगळ्यात कमी मिळाला. हे गणित मी कागदावर मांडलं आणि दुसऱ्याच दिवशी लाल सिलिंडर आणला. शुद्ध प्राणवायू सोडला की हवेची २१ टक्क्यांची अट उरत नाही, आकडा सहज दहा-बारापर्यंत जातो.

यीस्ट हा प्राणवायू नेमका कशाला वापरतं, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, श्वासासाठी. आधी प्राणवायू वापरून श्वास घ्यायचा, तो संपला की नाइलाजाने आंबवायचं, असा काहीतरी शाळेतला समज. तो खरा नाही. साखर भरपूर असली की बिअरचं यीस्ट प्राणवायू समोर असतानाही आंबवणंच पसंत करतं. मिळालेला प्राणवायू ते खर्च करतं आपल्या पेशीच्या भोवतालचं पातळ आवरण घडवायला.

त्या आवरणाला दोन गोष्टी लागतात. एक अर्गोस्टेरॉल, म्हणजे आपल्या शरीरातल्या कोलेस्टेरॉलचं यीस्टमधलं भावंड. दुसरी, असंतृप्त मेदाम्लं. दोन्ही तयार करायला प्राणवायूचे रेणू लागतात, त्यांना पर्याय नाही. अर्गोस्टेरॉल घडवताना यीस्ट स्क्वॅलीन या मधल्या पदार्थापर्यंत प्राणवायूशिवाय पोचतं. हा पदार्थ शार्कच्या यकृतात असतो तसा आपल्या राजगिऱ्याच्या तेलातही असतो. पण स्क्वॅलीनच्या पुढची पायरी प्राणवायूशिवाय चढताच येत नाही. अँड्रियासन आणि स्टियर या दोन संशोधकांनी १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. प्राणवायू पूर्ण बंद केला की यीस्टची वाढ थांबते, आणि बाहेरून अर्गोस्टेरॉल दिलं की ते पुन्हा वाढायला लागतं. पुढच्याच वर्षी त्यांनी मेदाम्लांचंही तसंच दाखवलं.

आता बादलीत काय होतं ते बघा. यीस्टच्या पेशीला कळी फुटते, कळीची नवी पेशी होते. जीवशास्त्रात त्यांना मातृपेशी आणि कन्यापेशीच म्हणतात. आईकडे असलेलं अर्गोस्टेरॉल दोघींत वाटलं जातं. पुढच्या पिढीत त्याचेही वाटे होतात. प्राणवायू काही तासांतच संपलेला असतो, नवं काही घडवता येत नाही. आईने सुरुवातीला गाठीला किती बांधलं होतं, त्यावरच लेकी-नातींचं भागतं. वाटे फार बारीक झाले की आवरणं कमकुवत होतात, बाहेरचा अल्कोहोल सोसवत नाही, साखर आत घेण्याचं काम मंदावतं आणि आंबणं थांबतं. माझी बार्लीवाइन दहाव्या दिवशी थांबली, पण तिच्या थांबण्याचं कारण पहिल्या काही तासांतलं होतं. नंतर मी केलेल्या सगळ्या उपायांना उशीर झालेला होता.

पाकिटातल्या सुक्या यीस्टची गोष्ट जरा वेगळी. कारखान्यात ते भरपूर हवेवर वाढवलेलं असतं, म्हणजे शिदोरी बांधूनच आलेलं असतं. पहिल्या वेळी त्याला प्राणवायू दिला नाही तरी चालतं असं बनवणारेच सांगतात. मी द्रवरूप यीस्ट वापरते आणि तेच तीन-चारदा पुढे चालवते, म्हणून मला सिलिंडर लागतो.

कृती म्हणाल तर अगदी छोटी. सिलिंडरला रेग्युलेटर, रेग्युलेटरला नळी, नळीला स्टेनलेस स्टीलची कांडी, कांडीच्या टोकाला ‘दगड’. नावाचा दगड, प्रत्यक्षात स्टीलची भुकटी दाबून-तापवून केलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्याची छिद्रं अर्ध्या मायक्रॉनची. त्याला बोट लावायचं नाही, कातडीच्या तेलाने छिद्रं बुजतात. वापरायच्या आधी पंधरा मिनिटं उकळायचा. वर्ट पूर्ण निवलेलं हवं. गरम वर्टमध्ये प्राणवायू फारसा विरघळतही नाही आणि चवही बिघडवतो. शेगडी विझवून ती बाजूला ठेवायची, आणि सिलिंडरच्या आट्यांना तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, कारण शुद्ध प्राणवायूत तेल भडकतं. यात कसलीही हयगय नको.

मग व्हॉल्व्ह अगदी हलकेच उघडायचा. वर्टचा पृष्ठभाग खदखदायला लागला तर वायू फार सुटतोय. बुडबुडे इतके बारीक हवेत की वर येता येता बरेचसे विरघळून जावेत, आणि वर नुसता दुधासारखा फेस दिसावा. कांडी सावकाश फिरवत राहायचं. मिनिटाला साधारण एक लिटर या वेगाने साठ सेकंद. जड बिअर असेल तर नव्वद, आणि साधारण बारा तासांनी आणखी एकदा थोडा. त्यानंतर मात्र बंद म्हणजे बंद. पुढे बाटलीत भरेपर्यंत हवेचा संपर्क जितका टाळता येईल तितका टाळायचा. पहिल्या दिवशी जो वायू यीस्टला बळ देतो तोच तिसऱ्या आठवड्यात बिअर शिळी करतो, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणतो.

एक आकडा मला अजून थक्क करतो. १९ लिटर वर्टला लिटरमागे १० मिलिग्रॅम द्यायचे म्हणजे एकूण १९० मिलिग्रॅम. पाव ग्रॅमही नाही. ४० ग्रॅमचा एक सिलिंडर हिशेबाने दोनशे वेळा पुरायला हवा. प्रत्यक्षात साठ सेकंदांत ग्रॅमभराहून जास्त वायू सुटतो आणि त्यातला बराचसा वर येऊन उडून जातो. माझा पहिला सिलिंडर तर चार खेपांत संपला, कारण मी रेग्युलेटर तसाच लावून ठेवत होते आणि तो रात्रंदिवस थोडा थोडा गळत होता. काम झाल्याबरोबर रेग्युलेटर काढून ठेवायचा, हे तेव्हापासून.

याच गावातल्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत ग्रेडी हल यांनी एक वेगळाच प्रयोग केला होता. प्राणवायू हवा तो आवरणातल्या मेदाम्लांसाठी, मग ती मेदाम्लं सरळ बाहेरून दिली तर? त्यांनी साठवणीतल्या यीस्टला ऑलिव्ह तेल दिलं, अगदी नाममात्र, आणि वर्टमध्ये हवा सोडली नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल असतं, यीस्टला हवं तेच. शेकडो पिंपांच्या मापावर त्यांनी हे करून पाहिलं. आंबायला वेळ जास्त लागला, पण बिअर झाली. घरच्या १९ लिटरसाठी तेलाचं माप इतकं सूक्ष्म निघतं, की ते सुईच्या टोकावरही जास्तच ठरावं. मी त्या वाटेला गेले नाही. पण त्या प्रयोगाबद्दल वाचलं त्या रात्री मला आनंदाने झोप आली नव्हती.

२०२१ च्या मे महिन्यात मी बिअर केली नाही.

एप्रिलच्या शेवटी बाबांना ताप आला. ते आणि आई पिंपरीत, मी इथे. ऑक्सिमीटरवर ९१, मग ८९, मग ८७. बेड मिळेना. त्याच दिवसांत कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेलेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस भरून परतत होती, आणि आम्ही सगळे फोनवर तिच्या बातम्या नदीच्या पुरासारख्या वाचत होतो. माझ्या चुलतभावाने एका ओळखीच्या वर्कशॉपमालकाकडून मोठा सिलिंडर मिळवला आणि रेग्युलेटर, बाटली, नळ्या जमवून घरीच लावला. डॉक्टर फोनवरून सांगत होते तसं मिनिटाला पाच लिटर.

त्या रात्री मी गॅरेजमध्ये गेले होते, कशाला ते आठवत नाही. लाल सिलिंडर समोर होता. मी खडूने फळीवर हिशेब मांडला. मोठ्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे ७००० लिटर. पाचने भागले की १४०० मिनिटं. तेवीस तास. मग हात थांबला नाही म्हणून पुढचंही लिहिलं. ४० ग्रॅम म्हणजे साधारण ३० लिटर. भागिले पाच. सहा मिनिटं.

दर तेवीस तासांनी भरलेला सिलिंडर कुठून तरी यायला हवा होता. नऊ दिवस तो आला. कधी चुलतभाऊ आणायचा, कधी समोरच्या इमारतीतली मुलं, एकदा तर ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो असे दोघे पहाटे स्कूटरवर मधे आडवा धरून घेऊन आले. दहाव्या दिवशी आकडा ९४ झाला. फळीवरचा हिशेब मी पुसला नाही. तो आपोआप फिकट होत गेला. पुन्हा व्हॉल्व्ह उघडायला मला नोव्हेंबर उजाडला, आणि तेव्हाही त्या बुडबुड्यांकडे मला नीट बघवलं नाही.

मागच्या वर्षी आई-बाबा इथे आले. बाबांनी उभी हयात वर्कशॉपमध्ये गॅस वेल्डिंग केलं. दारू त्यांनी कधी घेतली नाही, पण माझं सामान बघायला ते उत्साहाने गॅरेजमध्ये आले. वर्टची चव घेऊन म्हणाले, “नाचणीचं सत्त्व गूळ घालून केल्यासारखं लागतंय.” मग त्यांची नजर सिलिंडरवर गेली.

“ॲसिटिलीन कशाला लागतं तुला?”

“ॲसिटिलीन नाही बाबा, ऑक्सिजन आहे.”

“लाल रंगात ऑक्सिजन? ऑक्सिजन काळ्यात असतो.” त्यांनी सिलिंडर हातात घेतला, चष्मा वर करून आटे निरखले. “आणि हे आटे बघ. उलटे आहेत. उलटे आटे जळणाऱ्या गॅसला असतात. ऑक्सिजनचे सुलटे. चाळीस वर्षं हेच केलं मी.”

त्यांचं बरोबर होतं. मोठ्या सिलिंडरांचा तोच नियम आहे. या छोट्या, वापरून टाकायच्या सिलिंडरांत मात्र प्रोपेनवाल्याचे आटे सुलटे असतात, म्हणून चुकून अदलाबदल होऊ नये यासाठी ऑक्सिजनवाल्याला उलटे दिलेत. मी हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घरी आणला होता त्याचा गळा पांढरा नव्हता. हॉस्पिटलच्या सिलिंडरचा गळा पांढरा रंगवतात. तो नुसताच काळा होता. मी पडल्या पडल्या ओळखलं, हा वर्कशॉपमधला आहे.” आणि लगेच, “चल, कसं करतेस ते दाखव.”

रेग्युलेटर त्यांनीच बसवला. सवयीने आधी सुलटा फिरवला, मग उलटा. आट्यांना तेल नाही ना, हे दोनदा विचारलं. साबणाच्या फेसाने गळती तपासली, जे मी कधी केलं नव्हतं. व्हॉल्व्हवर त्यांची बोटं होती, कांडी माझ्या हातात. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून साठ सेकंद मोठ्याने मोजले, आणि साठला ‘बंद’ म्हणत स्वतःच बंद केला. मी यीस्ट घातलं, झाकण लावलं, झाकणाच्या भोकात एअरलॉक, म्हणजे आतला वायू पाण्यातून बुडबुडत बाहेर सोडणारी छोटी नळी, बसवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा गॅरेजचा दिवा चालू होता. बाबा शाल पांघरून बादलीशेजारी स्टुलावर बसले होते. एअरलॉकमधून बुडबुड, बुडबुड असा संथ आवाज येत होता.

“त्या सिलिंडरला पाण्याची बाटली लावलेली होती ना, तिचा आवाज असाच होता,” ते म्हणाले. “जरा मंदावला तरी तुझी आई उठून बसायची.”

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा माझी बिअरची वही त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांनी माझ्या नोंदीखाली आपल्या सुवाच्य, वर्कशॉपच्या रजिस्टरमधल्या अक्षरात लिहिलं होतं:

सकाळी ६.४०. चालू आहे. मिनिटाला २२.